आईच्या शेकाचा हंगाम

फाल्गुन लागला की आमच्या सोसायटीच्या मागे करावे गावात हळदी सुरू होतात. सुरू होतात म्हणजे काय, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागतात. सातव्या मजल्यावर छातीत धडधडतं. नातसून येऊन म्हणते, "आजी, टेन्शन नका घेऊ, दहाला बंद करतात." आता हिला कोण सांगणार, की मी टेन्शन घेत नाही, कान लावून बसलेली असते! त्या सगळ्या दणदणाटात कुठे एखादी बाई नुसत्या गळ्यानं गातेय का, ते शोधत असते. तासभर बसते. मग पाय भरून येतात आणि मी उठते.

ऐंशी ओलांडल्यावर माणसाला काय काय आठवावं याला काही धरबंध नसतो. काल दुपारी जेवलेली भाजी आठवत नाही, पण साठ सालाच्या आसपासचा तो एक हंगाम अंगावर येतो. मिठाचा हंगाम आणि लग्नांचा हंगाम आमच्याकडे एकच. इकडे मिठागरात पाणी आटून पांढरं व्हायला लागायचं आणि तिकडे गावात मांडव पडायला लागायचे. आता जिथे लोक गळ्यात कॅमेरे अडकवून गुलाबी पक्षी बघायला येतात ना, तिथेच कुठेतरी आमचं मिठागर होतं. तेव्हा पक्ष्यांकडे मान वर करून बघायला कोणाला सवड होती? डोक्यावर मिठाची टोपली, पायांना भेगा, भेगांत खारं पाणी. अशी दिवसभर मीठ वाहणारी माझी आई संध्याकाळी तोंड धुऊन, धुवट पातळ नेसून बाहेर पडली, की सगळा गाव तिला वाट द्यायचा. कारण माझी आई धवलारीण होती.

धवलारीण म्हणजे आम्हा आगरी लोकांत लग्नाची गाणी गाऊन लग्न पार पाडणारी बाई. भटजीला यायला उशीर झाला तर लोक तंबाखू मळत बसतील. धवलारणीला उशीर झाला तर कोणी मांडवाची मेढसुद्धा रोवणार नाही. हळद दळायची, तिचं गाणं वेगळं. नवरीला न्हाऊ घालायचं, त्याचं वेगळं. गाणं म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कोणी धरायचंच नाही. या गाण्यांना धवले म्हणतात. आईला किती धवले येत होते हे तिलाही सांगता आलं नसतं. कागदावर काही नव्हतं. सगळं तोंडात.

माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. गावातल्या इतर विधवा बाया हळदीच्या वेळी मागच्या पडवीत, चुलीच्या धुरात भाकऱ्या थापत बसायच्या. पुढे यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही. धवलारणीला मात्र आमच्या गावात हे बंधन नव्हतं. माझी आई सगळ्यांच्या पुढे, नवरीच्या शेजारी पाटावर बसायची. ती सांगेल तेव्हा हळद लागायची, ती थांबवेल तेव्हा थांबायची. लहानपणी मला वाटायचं, माझ्या आईचा रुबाबच मोठा. तो रुबाब सगळा त्या गळ्यावर टेकलेला होता, हे कळायला मला एकोणीस वर्षं लागली.

त्या हंगामात मी एकोणीसची होते आणि माझं लग्न ठरलं होतं. वैशाखात. माझ्या वयाच्या पोरींच्या काखेत मुलं आली होती, पण आईनं मला सातवीपर्यंत शिकवलं आणि मग "शिकलेली हाय" या कारणानं चार स्थळं परत गेली. पाचवं जमलं. आईला काय आनंद! येता-जाता गुणगुणायची. माझ्या लग्नात म्हणायचे धवले तिनं निवडून ठेवले होते, आणि ते ती मला ऐकू द्यायची नाही. मी आत आले की गप्प व्हायची. "नवरीनं आधी आयकायचा नसतं," म्हणायची. असा काही नियम नव्हता, तिनंच काढलेला होता.

तिच्या जिभेच्या मुळाशी एक फोड कधीपासून होता कोण जाणे. भाजलेल्या तंबाखूची मिश्री सगळ्याच बाया दातांना लावायच्या. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, नाहीतर उगाच बसल्या-बसल्या. तोंडात काही झालं तर हळद-तूप लावायचं आणि पुन्हा मिश्री. दिवाळीपासून तिचा उजवा कान ठणकत होता. घास गिळताना ती डोळे मिटून घ्यायची. मी म्हणायची, "आये, दवाखान्यात दाखव." आणि गावातल्या बाया मलाच वेड्यात काढायच्या. "काय गो सुमे, परवा तुझी आय एवढी गायली, ती आजारी?" आमच्याकडे माणसाची तब्येत आवाजावरून जोखायची पद्धत होती. नाखवा धडधाकट आहे का, तर त्याची हाक पैलतीराला पोचते का बघा. बाई बाळंतपणातून उठली का, तर भांडताना तिचा आवाज चढतो का बघा. आईचा आवाज तर अजून काचेसारखा स्वच्छ होता. आजार येईलच कुठून?

मग गळ्याच्या बाजूला गाठ आली. हाताला लागायला लागली. तेव्हा माझा मामा आम्हा दोघींना होडीत घालून ट्रॉम्बेला घेऊन गेला, कारण खाडीवर पूल नव्हता आणि मुंबई आम्हाला होडीतूनच होती. तिथून बस. मोठं इस्पितळ. त्यांनी आईच्या तोंडातला कण काढून तपासला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

डॉक्टर मराठी होते, वयस्कर. आईला बाहेर बसवून मला आत बोलावलं, मी शिकलेली म्हणून. म्हणाले, "बाळ, हा कॅन्सर आहे. पण शेक दिला तर आईचा जीव वाचेल असं मला वाटतं. आत्ता दिला तर. पावसाळ्यानंतर आलात तर मी काही सांगू शकणार नाही." शेक म्हणजे मशिनीतून द्यायचे किरण. दिसत नाहीत, चटका बसत नाही, सहा आठवडे रोज द्यायचे. मी विचारलं, "आई गाते. गाता येईल ना?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "लाळ सुकेल. घसा कोरडा पडेल तो कायमचा. गाणं विसरा."

मी बाहेर आले. आई बाकावर बसून शेजारच्या परक्या बाईला तिच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होती.

घरी आल्यावर तिनं साफ सांगितलं, "मना नाय करायचा शेक." गावानं तिला घाबरवायचं काम मनापासून केलं. कोणी म्हणालं, शेकानं माणूस आतून करपतो. कोणी म्हणालं, केस जातात, दात जातात, माणूस आंधळा होतो. मामा समजावून थकला. ती भीतीनं नाही म्हणत असती तर मी तिची भीती घालवली असती. पण माझी आई कशाला भिणार? सापाला ती झाडूनं घालवायची. तिसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधावर आम्ही दोघीच होतो, तेव्हा ती बोलली.

"सुमे, आवाज गेला तं मी मांडवात कुठं बसू, तू सांग. मागं? चुलीपाशी?"

मी टोपलीतलं मीठ हातानं सारखं करत राहिले.

"तुझा बाप मेला तवा मी चोवीस वर्सांची होते. या गल्यानं मना मागं बसू दिला नाय. आता तुझ्याच लग्नात मागं बसू? वैशाखात तुझा लगीन गाते, मंग ने मना कुठं न्यायचा तिथं."

वैशाखाला अडीच महिने होते. गाठ रोज वाढत होती; मला तर दुरूनही दिसायला लागली होती. मी आईकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आये, डॉक्टर बोलले, शेक झाल्यावर घसा आजून मोकला होल. फोड हाय म्हनून आवाज अडकतो. वैशाखात तू पयल्यापरास चांगला गाशील."

जन्मात एवढं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. जीभसुद्धा अडखळली नाही, याची मला आजही लाज वाटते. आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन.

आईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग टोपली उचलली. "बरा," म्हणाली. "मंग सुपाऱ्या परत करायला पायजेत."

लग्नघरची माणसं धवलारणीला आधी सुपारी देऊन जातात. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. अंगात ताप असला, घरात मयत झालं, तरी जायचं. त्या हंगामाच्या सात सुपाऱ्या आईकडे आल्या होत्या. घेतलेली सुपारी तिनं कधी फिरवली नव्हती. लग्नघरी परत देणं तिला जमलं नाही. ती सातही सुपाऱ्या पदरात बांधून पावणे गावाला गेली, हौसाकडे. हौसा तिथली धवलारीण. दोघींमधून विस्तव जात नव्हता. आई म्हणायची, हौसा अर्धे शब्द खाते. हौसा म्हणायची, गोमतीला गर्व फार. आईनं सुपाऱ्या तिच्यापुढे ठेवल्या.

हौसा चाट पडली. "गोमते, तुझी सुपारी मी घेऊ? लोक काय म्हनतील?"

"म्हनतील हौसा बरी गाते. म्हनू दे. वैशाखात माझ्या पोरीचा मीच गानार हाय, तवा तू आयकायला ये."

परत येताना ती रस्ताभर ताठ चालत होती. मी मागून रडत होते. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, बरंच झालं.

मग सुरू झाला शेक. शेकानंतर दात सडतात म्हणून आधी ते काढले, चांगले असलेले सुद्धा. मग गालावर आणि गळ्यावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. त्या धुवायच्या नाहीत. आता आमची पंचाईत अशी, की इस्पितळात वेळ दिली रोज सकाळी दहाची, आणि आमची होडी चालायची भरतीवर. ओहोटीला खाडीत गुडघाभर चिखल. मशिनीवरच्या माणसाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग समुद्राला सांगा की दहाची वेळ पाळ." मी पण काही कमी नव्हते. तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याला दाखवलं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. तो हसला, पण त्यानं कागद पुढे केला. मी पुढच्या पंधरवड्याच्या भरत्या लिहून दिल्या, आणि त्या भल्या माणसानं त्या बघून आईच्या वेळा मागे-पुढे केल्या. भरती अगदीच जुळली नाही तर आम्ही ट्रॉम्बेला मावशीकडे राहायचो. पंधरवडा संपला की तो म्हणायचा, "मास्तरीणबाई, पुढच्या भरत्या?" पुढे मी खरोखरच बालवाडीत शिकवायला लागले, पण मला पहिल्यांदा मास्तरीण त्यानं म्हटलं.

पहिले दोन आठवडे आई सगळ्यांना सांगत होती, "काय नाय होत. झोपायचा नि उठायचा." तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आतून सगळं सोललं. जन्म मिठात गेलेल्या बाईला पेजेतलं चिमूटभर मीठ सोसेना. मी अळणी पेज करून गार करायची आणि ती एकेक चमचा डोळ्यांतून पाणी काढत गिळायची. होडी मिठागराच्या कडेनं जायची तेव्हा वाऱ्यावर खार यायचा, तर पदरानं तोंड झाकून घ्यायची. एका सकाळी तिनं होडीत पाय टाकायलाच नकार दिला. बांधावर फतकल मारून बसली. बोलता येत नव्हतं. हातानं सांगितलं, बस झालं.

मामानं वल्हं धरून ठेवलं होतं, पाणी उतरायला लागलं होतं. मी तिच्यापुढे चिखलात बसले. काय बोलले असेन? पुन्हा खोटंच बोलले. "आये, वैशाख यायला आता थोडा तं र्‍हायलाय. तुझा आवाज वाट बगतोय." असलं कायतरी. मला त्या क्षणी तिचा आवाज नको होता हो, मला आई पाहिजे होती! चार वर्षांची असताना बाप गेला, आता हिलाही जाऊ देऊ? ती उठली. माझ्या खांद्याला धरून होडीत चढली. तिच्या हाताची पकड मला अजून खांद्यावर कळते, विशेषतः असं वारं सुटलं की.

शेक संपला. गाठ विरली. डॉक्टरांनी बॅटरी मारून तिच्या घशात बघितलं आणि आत्तापर्यंत कधी हसले नव्हते ते हसले. गावानं नारळ फोडले. आणि आई रोज सकाळी परसात जाऊन आवाज लावून बघायची. मी घरात कणीक मळता मळता ऐकायची. पहिली ओळ सुरू व्हायची, खरखर यायची, थांबायची. पाण्याचा घोट. पुन्हा सुरू. पुन्हा खरखर. चैत्र असा गेला. वैशाख लागला तेव्हा तिनं परसात जाणं बंद केलं. मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

माझ्या हळदीला हौसाच आली. मला पाटावर बसवलं, बाया जमल्या, आणि मी बघितलं तर आई पाठमोरी, मागच्या पडवीकडे निघालेली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मला हुंदका फुटला; लोकांना वाटलं, नवरी माहेरासाठी रडतेय. तेवढ्यात हौसा खेकसली, "गोमते, कुठं चाललीस? मना तुझ्या घरचे धवले कुठं येतात? बस इथं. तू कानात सांग, मी गाते."

आई थबकली. सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. ती आली आणि हौसाच्या शेजारी पाटावर बसली. तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ कुजबुजायची, हौसा ती उचलायची. मध्येच आई तिला चिमटा काढायची, शब्द खाल्ला म्हणून. मी हळदीनं माखून बसले होते आणि दोन्ही ऐकत होते, वर हौसाचा मोठा आवाज आणि खाली ती कुजबूज. माझ्यासाठी निवडलेले, माझ्यापासून लपवलेले धवले मी असे ऐकले. तिच्या गळ्यातून नाही ऐकले.

तिचा आवाज कसा होता, हे मला कोणी विचारलं तर आज सांगता येत नाही. चेहरा दिसतो, चालणं दिसतं. आवाज आठवायला गेलं की ती खरखरच आडवी येते. तेव्हा कोणाकडे यंत्र होतं आवाज धरून ठेवायला? हल्ली नातवाच्या मोबाइलमध्ये कुत्र्याचं भुंकणंसुद्धा साठवलेलं आहे. माझ्या आईचा आवाज जगात कुठेच नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, माझा धाकटा कडेवर होता तेव्हा, हौसाला तोंडात जखम झाली. मिश्रीच, दुसरं काय. पावण्याला तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी मोजायला माणसं यायला लागली होती, आणि त्या गडबडीतही हौसाच्या घरी रोज माणसं जमायची तिला समजावायला. ती ऐकेना. तिचा मुलगा आमच्याकडे आला. आई बाटलीत पाणी घेऊन निघाली. ती बाटली कायम जवळ लागायची, चार शब्दांवर एक घोट. मी सोबत गेले.

हौसा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, आई सांगेल, काही होत नाही. सगळे तेच सांगत होते. आई तिच्याजवळ बसली, घोट घेतला आणि तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "हौसे, आवाज जातो. मी तुना खोटा नाय सांगनार. दात जातात, चव जाते, आवाज जातो."

हौसाच्या मुलानं माझ्याकडे रागानं बघितलं, की काय घेऊन आलीस हिला.

"मना या पोरीनं खोटा सांगितला," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "बांधावं बोलली, तवाच मना कललेला. हिला खोटा बोलता येत नाय, लानपनापासून. पन पोरगी एवढा खोटा बोलते म्हंजे तिला आय किती पायजे असंल, असा मना वाटला. म्हनून गेले."

मी उभी होते तिथेच खाली बसले. मूल कडेवरून मांडीवर आलं. म्हणजे सगळे सहा आठवडे, चिखलातल्या त्या सकाळी सुद्धा, आणि परसात आवाज लावून बघताना सुद्धा, तिला माहीत होतं.

हौसानं तोंड आईकडे वळवलं. "मंग रागावली नायस पोरीवं?"

"रागावले ना. आजून रागावलेली हाय." आईनं पाण्याचा घोट घेतला. "मेले असते तं कशी रागावले असते?"

हौसा हसली. तोंड दुखत असताना हसली, आणि पुढच्या आठवड्यात शेकाला गेली. आई तिच्यासोबत इस्पितळात गेली, मशिनीच्या दारापर्यंत.

आई पुढे पुष्कळ जगली. माझी मुलं तिच्या हाताखाली मोठी झाली. आम्ही त्या खोट्याबद्दल एकमेकींशी कधीच बोललो नाही. पण अधूनमधून, भाजीत मीठ जास्त पडलं, मूल पडलं, असल्या कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवरून ती माझ्यावर भयंकर चिडायची, त्या फाटक्या आवाजात, दम लागेपर्यंत, मध्येच पाणी पिऊन पुन्हा. मी निमूट ऐकून घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, तुझी आई फार बोलते हो तुला. मी म्हणायची, बोलू दे.

आता मला घरात सगळे जपून बोलतात. आजी, हे खा. आजी, टेन्शन नको. माझ्यावर कोणी रागावत नाही.